कोबेला आई-बाबांना घेऊन जायचंय, कुठे राहावं आणि कसं फिरावं?

डोंबिवलीकर७९

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला निघालोय. क्योतो आणि ओसाका ठरलंय, मधले तीन दिवस मोकळे आहेत. बाबांना कोबे बघायचं आहे. ते पस्तीस वर्षं मुंबई बंदरात नोकरीला होते आणि लाकडी खोक्यांवर छापलेलं ‘कोबे’ हे नाव त्यांनी इतक्या वेळा वाचलंय की ‘बाकी काही दाखवू नकोस, पण ते बंदर दाखव’ असं म्हणतात.

बाबा ७१ वर्षांचे, उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर अर्धा तास चालतात, चढ आला की थांबावं लागतं. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. ओसाकालाच राहून एका दिवसात कोबे करावं की तिथे मुक्काम करावा? विमानतळावरून सामानासकट कसं जायचं? आणि आईच्या जेवणाचं काय?

भटकंती_पुणे

ओसाकाहून गाडीने जेमतेम अर्धा तास लागतो. सकाळी जा, टॉवर बघा, चायनाटाउनमध्ये चक्कर मारा, संध्याकाळी परत. हॉटेल बदलायचा त्रास कशाला? आम्ही तसंच केलं होतं.

प्राजक्ता_कोबे

नमस्कार. मी अकरा वर्षं कोबेत राहतेय. आई-बाबा तीनदा येऊन गेलेत, सासूबाई दोनदा, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. वरच्या उत्तराशी मी सहमत नाही. धडधाकट माणसाला एक दिवस चालेल. दुखऱ्या गुडघ्याला नाही. ओसाका स्टेशनचे जिने आणि गर्दी दोनदा झेलण्यातच तुमच्या बाबांची निम्मी ताकद संपेल. दोन रात्री कोबेत काढा, आणि राहा सान्नोमियालाच.

यात एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली होती. पहिल्याच दिवशी दोन मोठ्या बॅगा घेऊन मी ‘कोबे’ नावाच्या जेआर (जपानची मोठी रेल्वे कंपनी) स्टेशनवर उतरले. शहराचं नाव कोबे, तेव्हा मुख्य स्टेशनही तेच असणार, असं मी धरून चालले होते. तसं नाही. शहराचा मध्य म्हणजे सान्नोमिया, कोबेच्या दोन स्टेशनं अलीकडे. शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिसऱ्याच ठिकाणी थांबते, शिन-कोबेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. तिथून सान्नोमिया मेट्रोने एकच स्टेशन. क्योतोहून किंवा ओसाकाहून येत असाल तर शिंकान्सेनची गरजच नाही. जेआरची शिन-काइसोकु (अतिजलद) गाडी ओसाकाहून वीस-बावीस मिनिटांत सान्नोमियाला पोचवते. हान्क्यू या दुसऱ्या रेल्वेच्या चॉकलेटी डब्यांना थोडा जास्त वेळ लागतो, पण तिकीट स्वस्त. तिसरी लाइन हानशिनची. तिन्ही साधारण समांतर धावतात: डोंगराकडे हान्क्यू, मध्ये जेआर, समुद्राकडे हानशिन. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता या शहराची मुख्य गोष्ट. कोबे ही डोंगर आणि समुद्र यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी आहे. उत्तरेला रोक्कोची रांग, दक्षिणेला बंदर, आणि मध्ये जेमतेम तीनेक किलोमीटर. त्यामुळे इथे कुणी उत्तर-दक्षिण म्हणत नाही. ‘यामा-गावा’ म्हणजे डोंगराकडची बाजू, ‘उमी-गावा’ म्हणजे समुद्राकडची. मोठ्या दुकानांतल्या पाट्यांवरही असंच लिहिलेलं असतं. आपण ईस्टला उतरायचं की वेस्टला असं विचारतो ना, अगदी तसंच. माझी आई साताऱ्याची, जपानी अक्षर ओळखत नाही. एकदा सान्नोमियाच्या तळघरातल्या दुकानांमध्ये आमची चुकामूक झाली, फोन माझ्याकडेच राहिला होता. मी सैरावैरा शोधत होते. ती शांतपणे पहिला जिना चढून वर आली, रस्त्याच्या टोकाला हिरवा डोंगर दिसला तिकडे तोंड केलं आणि सरळ चालत आमच्या इमारतीशी जाऊन बसली. मी पोचले तेव्हा पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ‘आपलं घर यामाला आहे, एवढं पुरे की!’ तुमच्या आई-बाबांनाही हे दोन शब्द पहिल्याच दिवशी शिकवा.

आणि त्यातूनच गुडघ्याचा उपाय निघतो: कोबे वरून खाली बघायचं. सगळेजण सान्नोमियाहून कितानोचा, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांच्या भागाचा, चढ चढायला लागतात आणि निम्म्यातच दमतात. तुम्ही सकाळी मेट्रोने किंवा टॅक्सीने शिन-कोबेला जा, तिथून रोपवेने दहा मिनिटांत वर हर्ब गार्डनला. जाताना पाळण्यातून नुनोबिकीचा धबधबा आणि १९०० साली बांधलेलं दगडी तोंडाचं धरण दिसतं. काँक्रीटचं असं धरण जपानात हे पहिलंच. धबधब्याला चालत जाऊ नका, स्टेशनच्या मागून पायऱ्या आहेत आणि त्या गुडघ्याला मानवणार नाहीत. वर गरम चहा घ्या, पसरलेलं बंदर बघा, बाबांना तिथे भरपूर वेळ बसू द्या.

खाली आलात की कितानो. बंदर १८६८ साली परदेशी जहाजांना खुलं झालं, त्यानंतर व्यापाऱ्यांनी या उतारावर घरं बांधली. वाऱ्याच्या कोंबड्याचं लाल विटांचं घर १९०९ सालचं आहे. सगळ्या घरांची तिकिटं काढू नका, एखादंच आतून बघा. याच भागात संगमरवरी जैन मंदिर आहे, १९८५ सालचं. इथले बरेच गुजराती जैन मोत्यांच्या व्यापारात आहेत, कारण जपानी मोत्यांची मोठी बाजारपेठ कोबेतच आहे. १९२३च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले अनेक भारतीय व्यापारी इकडे आले. उतरताना वाटेत मशीदही लागते. ती १९३५ साली उभी राहिली आणि १९४५ची बाँबफेक व १९९५चा भूकंप, दोन्हींतून वाचली. माझ्या बाबांना तीच सगळ्यांत जास्त आवडली. रस्त्यापलीकडे उभं राहून दोन्ही मिनारांकडे कितीतरी वेळ बघत होते.

जेवणाबद्दल स्पष्ट सांगते. ‘भाजी आहे’ याचा अर्थ इथे ‘मासे नाहीत’ असा होत नाही. उदोनचं (जाड नूडल्सचं) पाणी, भाज्यांवरचा रस, सूप, सगळ्यांत दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते आणि ती बहुतेकदा कात्सुओची, म्हणजे सुकवलेल्या माशाची. आईच्या पहिल्या खेपेला मी स्वतः तिला साधा उदोन खाऊ घातला आणि दोन घासांनंतर वासावरून तिनेच ओळखलं. मला आजही त्याची रुखरुख आहे. एका कागदावर हॉटेलवाल्यांकडून जपानीत लिहून घ्या आणि तोंडीही सांगा: ‘निकु मो साकाना मो तामागो मो ताबेरारेमासेन, कात्सुओ-दाशी मो दामे देस.’ मांस, मासे, अंडं चालत नाही, दाशीही नको. सान्नोमिया आणि कितानोत भारतीय खानावळी बऱ्याच आहेत, एक वेळचं जेवण तिथे ठरवूनच टाका. सोबत थालीपिठाची भाजणी नको, करायला गॅस मिळत नाही. मेथीचे ठेपले, दशम्या, चटणीच्या पुड्या आणा. कोबेचा पाव प्रसिद्ध आहे, पण त्यात अंडं किंवा चरबी असू शकते, विचारल्याशिवाय देऊ नका.

दर्यावर्दी_रत्नागिरी

प्राजक्ताताईंनी छान सांगितलंय. मी बंदराबद्दल बोलतो, कारण प्रश्न बाबांचा आहे. मी जहाजावर इंजिनात होतो आणि १९९६च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कोबेला लागलो. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. मी आलो तेव्हाही धक्क्यांची डागडुजी चालूच होती. त्याआधी कंटेनरच्या उलाढालीत हे जगातलं सहावं बंदर होतं. तो मान पुन्हा मिळाला नाही, पण धक्के मात्र त्यांनी दोन-सव्वादोन वर्षांत उभे केले.

मेरिकेन पार्कमध्ये धक्क्याचा साठ मीटरचा तुकडा त्या दिवशी होता तसाच राखून ठेवला आहे. फरशा पाण्यात घसरलेल्या, दिव्याचे खांब कलंडलेले. आजूबाजूला मुलं सायकली फिरवत असतात आणि मध्ये हे. ज्याने आयुष्यभर धक्क्यावर काम केलंय त्याला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही. बाबांना जरा एकटं उभं राहू द्या. मेरिकेन हा शब्द ‘अमेरिकन’वरून आला, अमेरिकेची वकिलात तिथे जवळच होती. शेजारी १०८ मीटरचा लाल पोर्ट टॉवर, १९६३ सालचा, डमरूसारखा कमरेत बारीक. आमच्या एका जुन्या कप्तानांकडून ऐकलेलं: कोबेचं पाणी भरलं की विषुववृत्त ओलांडेपर्यंत खराब होत नाही. ते पाणी नुनोबिकीचं, ताईंनी सांगितलेल्या त्याच धबधब्याचं.

दुसऱ्या दिवशी त्यांना माइकोला न्या. सान्नोमियाहून जेआरने वीसेक मिनिटं. आकाशी सामुद्रधुनीवरचा पूल १९९८ साली खुला झाला, मधला गाळा १९९१ मीटर. खरं तर तो १९९० मीटर ठरला होता. बांधकाम चालू असतानाच भूकंप झाला आणि मनोरे जवळपास मीटरभर लांब सरकले. लिफ्टने वर जाता येतं, पुलाच्या पोटात ४७ मीटर उंचीवर काचेची जमीन आहे. खालून मालवाहू जहाजं जाताना दिसतात.

डोंबिवलीकर७९

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. साठ मीटरच्या धक्क्याचं ऐकून ते काही बोलले नाहीत, उठून जुनी डायरी काढून बसले. दोन रात्री कोबे पक्कं. दोन प्रश्न राहिले: विमानतळावरून कसं यायचं, आणि अरिमाच्या गरम झऱ्यांना जावं का? आईला सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ नकोच आहे.

प्राजक्ता_कोबे

कान्साई विमानतळावरून कोबे विमानतळापर्यंत बोट आहे, अर्ध्या तासाची, आणि पुढे पोर्ट लायनरने अठरा मिनिटांत सान्नोमिया. ही गाडी १९८१पासून ड्रायव्हरशिवाय चालते, पुढच्या काचेशी जागा मिळाली तर बंदरावरून तरंगत गेल्यासारखं वाटतं. पण रात्रभराच्या प्रवासानंतर, सामान आणि गुडघा असताना, बसच बरी. विमानतळाच्या दारातून थेट सान्नोमिया, साधारण सव्वा तास, बॅगा पोटात टाकतात. बोट परतीच्या दिवशी करा, वारा नसेल तर. पासच्या नादी लागू नका, प्रत्येकाला एक इकोका (पैसे भरून प्रवासाला वापरायचं) कार्ड पुरे.

अरिमाला नक्की जा. ट्रेनने बदलाबदली फार आहे, सान्नोमियाहून थेट बसने जा. किन-नो-यु स्नानगृहाच्या बाहेरच पाय सोडून बसायची जागा आहे, फुकट, कपडे काढायचा प्रश्नच नाही. पाणी लोहामुळे विटकरी, गढूळ. माझ्या आईने पातळ गुडघ्यापर्यंत वर खोचून तास काढला, शेजारच्या जपानी आजीबाईंशी खाणाखुणांनी पोथीएवढ्या गप्पा मारल्या. जुना टॉवेल न्या, पांढरा नको, डाग जात नाहीत. त्या सुमाराला झुइहोजी बागेतले मेपल लाल होत असतात, पण वाट चढाची आहे, तिथपर्यंत टॅक्सी करा.

पहिल्या दिवशी उतरत उतरत मेरिकेन पार्कला साडेचारच्या आत पोचा. नोव्हेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो. अंधार पडला की बाबांना पाण्याकडे पाठ करून डोंगराकडे बघायला सांगा, तिथे दिव्यांनी काढलेला जहाजाचा नांगर पेटतो. आणि दोघांसाठी कानटोप्या आणा, रोक्कोवरून खाली येणारा वारा संध्याकाळी बोचतो.