विषय: पाडव्याचा कार्यक्रम – नाटकाआधीची दोन मिनिटं आणि मतदार नोंदणीचं टेबल

प्रेषक: सुचेता (कार्यक्रम समिती)

मंडळी,

काल रात्री नाटकाच्या व्यवस्थापकांचा मुंबईहून फोन होता. आपले नायक पडदा उघडायच्या आधी दोन मिनिटं पुढे येऊन मुलांना "मतदार नोंदणी करा" असं सांगायला तयार आहेत. मानधन वेगळं नाही. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.

माझं मत, घ्यावं. २१ मार्चला पंचविशीच्या आतली जेवढी मुलं हॉलमध्ये असतील तेवढी वर्षभरात पुन्हा एकत्र दिसत नाहीत. ती या नायकांनाच बघायला येणार आहेत, त्यांचं ऐकतील. ७ मे २०२६ ला लंडनच्या सगळ्या ३२ बरोंच्या, म्हणजे स्थानिक कौन्सिलांच्या, निवडणुका आहेत. यापेक्षा चांगली वेळ कुठली?

सुचेता

---

प्रेषक: दिलीप (खजिनदार)

सुचेता, दोन गोष्टी.

हॉल साडेदहाला रिकामा करायचा आहे. दिवाळीला सत्कार लांबला तेव्हा जादा तासाचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते सगळ्यांना माहीत आहे. कलाकाराच्या हातात माइक दिला की दोन मिनिटं दोनच राहत नाहीत.

दुसरी जास्त महत्त्वाची. आपण नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहोत. "नोंदणी करा, मत द्या" इथवर चालतं. पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव आपल्या मंचावरून निघता कामा नये, गमतीतही नाही. त्यांना मजकूर लिहून द्या आणि तेवढाच वाचतील असं कबूल करून घ्या. त्याशिवाय माझी संमती नाही.

दिलीप

---

प्रेषक: अरविंद

सर्वांना नमस्कार.

नटाच्या सांगण्याने कोणी मत द्यायला जातं यावर माझा विश्वास नाही. सचिन तेंडुलकरपेक्षा मोठं नाव आपल्याकडे कुठलं? भारताच्या निवडणूक आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यालाच मतदार जागृतीसाठी राष्ट्रीय आयकॉन केलं. २०२४ च्या मे महिन्यात अख्खी चित्रसृष्टी शाईचं बोट दाखवत फोटो काढत होती. आणि मुंबईचं मतदान? पन्नाशीच्या घरातच राहिलं. नोव्हेंबरात विधानसभेला कुलाब्यात तर निम्मे मतदारही बाहेर पडले नाहीत.

शिवाय हॉलमधली निम्मी मुलं भारतीय पासपोर्टवर आलेले विद्यार्थी. त्यांना इथे नोंदणी करायला सांगून काय उपयोग? त्यापेक्षा तिकडच्या यादीत नाव कसं घालायचं ते सांगा.

अरविंद

---

प्रेषक: मृणाल (युवा विभाग)

अरविंदकाका,

ते विद्यार्थीच तर मुख्य मुद्दा आहेत. भारत राष्ट्रकुलात आहे. इथे राहण्याचा वैध परवाना असलेल्या राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला या देशात मताचा हक्क आहे, कौन्सिललाही आणि पार्लमेंटलाही. विद्यार्थी व्हिसा चालतो. सप्टेंबरात उतरलेला मुलगा मे महिन्यात मत देऊ शकतो. मुलांना हे कुणी सांगतच नाही, आणि इथे वीस-वीस वर्षं काढलेल्या आपल्यातल्या कितीतरी घरांतही हे माहीत नाही. याचा मला खरंच त्रास होतो.

तिकडच्या यादीचं म्हणाल तर परदेशस्थ भारतीयाला फॉर्म ६अ भरता येतो, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यासाठी विमानाचं तिकीट काढणार नाही.

आता कलाकारांबद्दल. २५ नोव्हेंबर २०१९ ला इथला रॅपर स्टॉर्म्झी याने मतदार नोंदणी करा म्हणून पोस्ट टाकली आणि त्या एका दिवसात २५ वर्षांखालच्यांचे दीड लाखांवर अर्ज आले. याचं सगळं श्रेय त्याला देणारे दुसरा दिवस विसरतात. २६ तारखेला मुदत संपत होती आणि त्या दिवशी सगळ्या वयांचे मिळून साडेसहा लाखांवर अर्ज आले. म्हणजे त्याचा शब्द आणि जवळ आलेली मुदत, दोन्ही एकत्र काम करत होतं. यातलं किती कशामुळे ते वेगळं काढता येत नाही.

उलटं उदाहरण विनोदी कलाकार रसेल ब्रँडचं. मतच देऊ नका असं २०१३ मध्ये टीव्हीवर सांगणारा माणूस ४ मे २०१५ ला म्हणाला, लेबर पक्षाला मत द्या. मतदान ७ मेला होतं आणि नोंदणी २० एप्रिललाच बंद झाली होती. त्याचं ऐकून ज्यांना जावंसं वाटलं आणि ज्यांचं नाव यादीत नव्हतं, त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. या वर्षीच्या तारखा बघा: मतदान ७ मे, नोंदणीची मुदत २० एप्रिल. अगदी त्याच.

म्हणून मला नट हवा आहे, पण दोन अटींवर. त्याने तारीख सांगायची. आणि त्याचं बोलणं संपल्या संपल्या, मुलं फोन हातात घेऊन बसलेली असतानाच, तिथे आपली माणसं उभी हवीत. टेबल, क्यूआर कोड, शंका सोडवायला चार जण. नुसत्या आवाहनाला टाळ्या पडतील आणि मुलं घरी जातील.

टेबल फॉयेमध्ये बटाटेवड्याच्या काउंटरशेजारी लावू या. मध्यंतरात सगळे तिथेच येतात.

मृणाल

---

प्रेषक: नीलिमा (खाद्य विभाग)

वड्याच्या काउंटरशेजारी टेबल लागणार नाही. तिथे चहाचे बॉयलर आहेत, रांग दारापर्यंत जाते आणि मध्यंतर वीस मिनिटांचं आहे. जागेचं ठरवताना आम्हाला आधी विचारत जा, ही विनंती मी संक्रांतीलाही केली होती.

नीलिमा

---

प्रेषक: हर्षद

नमस्कार, मी सप्टेंबरपासून या मेल-यादीवर आहे, पहिल्यांदाच लिहितोय.

मृणालताई, हे खरंच मला माहीत नव्हतं. आमच्या घरात आम्ही चौघं आहोत, कुणालाच नव्हतं. कौन्सिलचं पत्र आलं होतं, पण आपल्यासाठी नाही असं समजून फ्रिजवर लावून ठेवलंय. काही प्रश्न:

नोकरीला आणि कराला लागणारा नॅशनल इन्शुरन्स नंबर अजून आला नसेल तर? मे अखेरीस घर बदलणार आहोत, तरी आत्ता भरायचं का? आणि यामुळे व्हिसाला किंवा भारतीय नागरिकत्वाला काही होतं का? आई नक्की विचारेल.

हर्षद

---

प्रेषक: मृणाल (युवा विभाग)

हर्षद, बरं झालं विचारलंस.

नंबर नसला तरी अर्ज करता येतो. कौन्सिल ओळखीची दुसरी कागदपत्रं मागू शकतं, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आत्ता जिथे राहतोस त्या पत्त्यावर भर, घर बदललं की नव्या पत्त्यावर पुन्हा. नागरिकत्वाला काही होत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं, मत दिल्याने नाही. हा हक्क इथल्या कायद्यानेच दिलेला आहे, त्यामुळे व्हिसाचाही प्रश्न नाही. आणि मित्रांना सांग, मतदारयादीत नाव असलं की क्रेडिट रेकॉर्ड सुधारायला मदत होते. मोबाइलचं काँट्रॅक्ट घेताना ते बघतात.

ते पत्र फ्रिजवरून काढ आणि २१ तारखेला घेऊन ये. टेबलावर दाखवायला उपयोगी पडेल.

मृणाल

---

प्रेषक: दिलीप (खजिनदार)

मृणालच्या आकड्यांना एक जोड. २०१७ च्या निवडणुकीनंतर गायक-रॅपर मंडळींमुळे तरुणांची लाट आली म्हणून पेपर भरले होते. पुढच्या जानेवारीत ब्रिटिश इलेक्शन स्टडी या मतदारांच्या पाहणी-प्रकल्पाच्या अभ्यासकांनी आपली माहिती तपासली, तर तरुणांचं मतदान फार वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

अर्जांच्या आकड्यातही पुष्कळ जण आधीच यादीत असलेले असतात. आपलं नाव यादीत आहे का हे घरबसल्या बघायची सोय इथे नाही, म्हणून लोक धास्तीने पुन्हा भरतात. तेव्हा अर्ज वाढले म्हणजे मतं वाढली, असं धरू नये.

दिलीप

---

प्रेषक: अरविंद

नोंदणीचा हा घोळ आधी नव्हता. पूर्वी घरातला कर्ता सगळ्यांचा एकच फॉर्म भरायचा. आमच्या वेंब्लीच्या घरात वरच्या मजल्यावर नेहमी दोन-तीन विद्यार्थी असायचे, त्यांची नावं मीच घालत असे. २०१४ पासून प्रत्येकाने आपापलं भरायचं झालं आणि सगळ्यात आधी ही मुलंच यादीतून गळली. शेफील्ड विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तिथल्या नावनोंदणीतच मतदार नोंदणी घातली तेव्हा तिथली नावं वाढली, तेही कुठल्या नटाशिवाय. मंडळाने विद्यापीठांना तसं पत्र लिहावं. मसुदा मी करतो, नेहमीप्रमाणे.

अरविंद

---

प्रेषक: वंदना

मंडळी, मी मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून बसते, म्हणून लिहिते आहे. नाव यादीत आलं की काम झालं असं इथे सगळे धरून चालले आहेत.

गेल्या खेपेला संध्याकाळी एक मुलगी आली. कानात इअरफोन, हातात पोल कार्ड (मतदानाची सूचना देणारं कार्ड), चेहऱ्यावर पहिल्या मताचा आनंद. तिने ओळखपत्र म्हणून कॉलेजचं कार्ड पुढे केलं. ते चालत नाही. मग पाकिटातून विद्यार्थ्यांचं ऑयस्टर, म्हणजे लंडनचं बस-ट्रेनचं कार्ड, काढलं. तेही चालत नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या आजोबांनी ६०+ ऑयस्टर दाखवलं, ते चाललं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्यांचं कसं चालतं मग?" नियम मी केलेला नाही, पण त्या क्षणी तिच्यासमोर मीच बसले होते. "पासपोर्ट घेऊन ये, दहापर्यंत आहोत," असं सांगितलं. मी उठेपर्यंत ती आली नाही.

इथल्या निवडणूक आयोगाच्या २०२३ च्या अहवालात १८-१९ वयाच्या साठ टक्क्यांचीच नोंद बरोबर आढळली, पासष्टीच्या पुढच्यांची शहाण्णव टक्के. आणि त्या साठांतली एखादी दारापर्यंत येते, तर तिला परत पाठवायचं.

आपल्या मुलांना हे सोपं आहे, भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. पण नटाने मंचावरून "पासपोर्ट घेऊन जा" हे शब्द म्हटलेच पाहिजेत. मुलांच्या डोक्यात त्याचा आवाज राहील, माझा राहणार नाही. तिथेच त्याचा खरा उपयोग आहे. आणि ज्यांच्याकडे चालणारं काहीच नाही त्यांना मोफत मतदार प्रमाणपत्र मिळतं, २८ एप्रिलला संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज करायचा.

वंदना

---

प्रेषक: सुचेता (कार्यक्रम समिती)

वंदनाताई, तुमचं पत्र मी व्यवस्थापकांना वाचून दाखवलं.

त्यांचं म्हणणं असं. पडद्याआधी दोन मिनिटं नक्की. मध्यंतरात फॉयेमध्ये येता येणार नाही, कारण दुसऱ्या अंकासाठी रंगभूषा बदलायची असते. म्हणून मी उलटं सुचवलं: पडद्याआधी काहीच नको, पहिला अंक संपला की त्यांनी आहेत तसे पडद्यापुढे यायचं, तारीख आणि पासपोर्ट एवढं सांगायचं, मग दिवे लागतील आणि मुलं थेट टेबलाकडे जातील. त्यांनी मान्य केलं. मध्यंतर पंचवीस मिनिटांचं करते. दिलीपदादा, तेवढा वेळ स्वागताच्या भाषणातून काढला आहे, साडेदहाला धक्का नाही.

नीलिमा, टेबल जिन्याखाली, कोट ठेवतात त्या बाजूला. चालेल ना?

मजकूर चार ओळींचा हवा. मृणाल, आज रात्री पाठव, दिलीपदादा आणि वंदनाताईंना प्रत टाक.

सुचेता

---

प्रेषक: नीलिमा (खाद्य विभाग)

जिन्याखाली चालेल. पंचवीस मिनिटं असतील तर वडे दोन घाण्यांत काढावे लागतील, मला एक माणूस जास्त द्या.

नीलिमा

---

प्रेषक: हर्षद

आम्ही चौघंही येतो. दोघं टेबलावर थांबू, एक जण नीलिमाकाकूंकडे. जिन्याखाली फोनला रेंज मिळत नाही असं संक्रांतीला दिसलं होतं, तेव्हा हॉलच्या वायफायचा पासवर्ड कुणाकडे आहे?

हर्षद