पऱ्हाटी म्हणजे सावली नव्हे
'बागा शहरालाच हव्यात, खेड्यात हिरवळच हिरवळ' असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी मे महिन्यात विदर्भात यावं बाप्पा! पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटली की शेत उघडं, पारा ४५ च्या आसपास. आमच्या एसटी थांब्यावर टिनाचं शेड रिकामं अन् माणसं, बकऱ्या सगळे बाजूच्या कडुनिंबाखाली. टिन आग ओकतं. झाड पानांतून बाष्प सोडून हवा गार करतं. आता बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलंय, मुळांना पाणी कुठून मिळणार?

शहराचा मुद्दा मान्यच. संशोधक रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. मग आपल्याकडे दवाखाना बांधताना आधी झाडंच का पाडतात?