मदत हवी आहे : थर्मल पेस्ट बदलूनही काही महिन्यांत लॅपटॉप पुन्हा तापतो

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर आहे. पंखा सतत मोठ्याने फिरू लागल्यामुळे गेल्या पावसाळ्यात मी तो दुरुस्तीच्या दुकानातून साफ करून घेतला. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांच्या मध्ये धुळीची जाड घोंगडीच तयार झाली होती. ती काढून दुकानदाराने वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा मधला लेप) पुसली आणि नवी लावली. त्यानंतर व्हिडिओ रूपांतरित करतानाही तापमान ७८ अंशांच्या आसपास राहत असे. आता त्याच कामाला ते ९६ अंशांवर जाते आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो. हे प्रोसेसरच्या १५ वॅट वीजवापराच्या मर्यादेमुळे नसून तापमानामुळेच घडते, हे एचडब्ल्यूइन्फो या तापमान व वेग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट दिसते.

आमच्या जळगावच्या उन्हाळ्याचा वाटा यात आहेच. पण खोली दहा अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक तापायला हवा, त्याहून इतका जास्त नाही. मागचे झाकण उघडून पाहिले, तर पंखा स्वच्छ असून व्यवस्थित फिरतो. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे: काम सुरू करताच एक-दोन सेकंदांत आकडा नव्वदीपार उडी घेतो, तरी बाहेर पडणारी हवा मात्र कोमटच असते.

पेस्ट इतक्या लवकर निकामी होऊ शकते का? दुकानदार आता पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) सुचवतो आहे. ते लावावे का? आणि प्रोसेसरच्या शेजारी जी दुसरी लहान चिप दिसते, तिच्यावरही पेस्ट लागते का?

प्रतिसाद १

उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. धूळ अडली असती तर तापमान सावकाश चढले असते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर सहसा धातूचे झाकण असते, लॅपटॉपमध्ये मात्र सिलिकॉनची चिप उघडीच असते. सिलिकॉन आणि तांबे तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे दर वेळच्या तापण्या-निवण्यात पातळ पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते आणि मधला भाग कोरडा पडतो. म्हणून डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे टिकणारी पेस्ट लॅपटॉपवर काही महिन्यांतच हार मानू शकते.

लिक्विड मेटल माझ्या मते टाळावे. ते वीजवाहक असते, आणि त्यातील गॅलियम अॅल्युमिनियमला खाऊन टाकते. त्यापेक्षा हनीवेलचे पीटीएम७९५० हे पातळ पान वापरा. ते थंड असताना घन असते, सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन फटी भरते आणि पेस्टसारखे लवकर कडेला सरकत नाही. मात्र बाजारात नकली माल फार आहे, तेव्हा विक्रेता पाहून घ्या. लावण्यापूर्वी ते थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवल्यास दोन्ही बाजूंच्या फिल्म सहज निघतात. पूर्ण परिणाम पहिल्याच दिवशी दिसत नाही; बऱ्याचदा तापून निवल्यावर मगच ते नीट बसते.

लहान चिप ही चिपसेटची (प्रोसेसर आणि इतर भाग यांच्यातील देवाणघेवाण सांभाळणारी) आहे. ती फारशी तापत नाही. मुळात तिच्यावर पेस्ट किंवा थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) नसेल तर काहीही लावू नका.

काम करताना सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे छापलेले असल्यास कसताना त्याच क्रमाने आणि काढताना उलट क्रमाने, दर वेळी थोडे थोडे फिरवा. पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण निदान पक्के केल्याशिवाय खरेदी करू नये. हीटसिंक उचलल्यावर काहीही पुसण्यापूर्वी चिपवरचा ठसा पाहावा. मध्यभाग उघडा आणि कडेला जाड कड असेल, तर पेस्ट सरकली आहे. एकाच कोपऱ्यात थर जाड असेल, तर स्क्रू असमान कसले गेले आहेत. सगळीकडेच जाड थर असेल, तर दुकानदाराने शेजारच्या भागांवर मूळच्यापेक्षा जाड थर्मल पॅड बसवले असण्याची शक्यता आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड आला, तरी हीटसिंक चिपवर टेकत नाही, आणि मग कितीही महाग पेस्ट लावली तरी फरक पडणार नाही. ठशाचे छायाचित्र येथे टाकलेत, तर नेमके सांगता येईल.