हंगामी वसतिगृहाचा परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न (बीड जिल्ह्यातील एक कार्यकर्ती)

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी आमची छोटी संस्था तीन गावांत हंगामी वसतिगृहे चालवते. दिवाळीच्या आगेमागे आईवडील कोयता घेऊन बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, मुले आमच्याकडे राहतात. आजवर अहवालात आम्ही मुलांची संख्या, हजेरी आणि जेवणांचा हिशेब देत आलो. यंदा निधी देणाऱ्या कंपनीने ‘किती मुलांचे आयुष्य बदलले’ याचा आकडा मागितला आहे. मागच्या वर्षी अशाच एका रकान्यात मी पटावरची सगळी मुले लिहून सही केली. हंगामाच्या मध्येच आईवडिलांकडे निघून गेलेली अकरा मुलेही त्यात धरली गेली आणि ती सही मला अजून टोचते. प्रामाणिक आकडा कसा काढावा?

उत्तर १ (सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील एक सदस्य)

आपण किती काम केले, मुलांमध्ये काय बदलले आणि त्या बदलातला किती भाग आपल्यामुळे घडला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जेवणांचा हिशेब पहिल्याचेच उत्तर देतो. तिसरा सर्वांत अवघड. त्यासाठी गडचिरोलीचे उदाहरण पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत काम केले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ या काळात आधीची स्थिती नोंदवली आणि त्यानंतर गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी बाळांवर उपचार सुरू केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, तेव्हा तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की जन्ममृत्यूची मोजणी उपचार करणाऱ्यांवरच न सोपवता घरोघरच्या स्वतंत्र पाहणीने पडताळली गेली. काम करणाऱ्यानेच स्वतःच्या यशाची मोजदाद केली, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी एखादा मृत्यू नोंदवायचा राहून जातो. आपल्या अकरा मुलांचे मध्येच निघून जाणे असेच नोंदवायचे राहून गेले.

उत्तर २ (शिक्षण क्षेत्रातील एक सदस्य)

एवढी मोठी रचना तीन वसतिगृहांना झेपणार नाही, पण तिचा गाभा घेता येईल. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलाला समोर बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. ही पाहणी शाळेत न होता घरी होते, कारण शाळेत मोजले तर गैरहजर मूल मोजणीतूनच निसटते. आपणही ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी गावातल्या सर्व मुलांचे वाचन तपासावे, म्हणजे जी राहणार आहेत त्यांचे आणि जी आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणार आहेत त्यांचेही, आणि कुटुंबे परतल्यावर त्याच मुलांना पुन्हा भेटावे.

मात्र दोन्ही गटांतला सगळा फरक वसतिगृहाच्या खाती मांडू नये. ज्याला मागे ठेवले जाते त्या मुलाची आजी बहुधा गावात असते आणि त्याच्या आईवडिलांना शिक्षणाची ओढही अधिक असू शकते. जागा कमी आणि मागणी जास्त असेल, तर सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. तो प्रवेशाचा न्याय्य मार्ग आहेच, शिवाय तुलनाही भरवशाची होते. पण ज्या मुलीला घरी एकटे राहावे लागेल, तिला चिठ्ठीवर सोडू नये, थेट घ्यावे आणि तिची नोंद वेगळी ठेवावी.

एक कायदेशीर बाब: सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, नियमांत २०२१ पासून परिणाम मूल्यमापन बंधनकारक झाले, ते सरासरी दहा कोटी किंवा अधिक सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांच्या एक कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांसाठी, आणि तेही स्वतंत्र संस्थेकडून. आपला प्रकल्प त्यात बसतो का, आणि आकड्यावरून कंपनी कोणता निर्णय घेणार आहे, हे लेखी विचारावे.

उत्तर ३ (निवृत्त मुख्याध्यापिका)

वाचन तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. माझ्या शाळेत सातवी-आठवीनंतर मुली गळायच्या आणि पुष्कळदा त्यामागे लग्न असायचे. तुमच्याकडे राहिलेली मुलगी तीन वर्षांनी शाळेत आहे का, हे शोधणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती माहिती नावानिशी बाहेर जाता कामा नये, गावात तिचा त्रास मुलीलाच होतो. आणि आयांनाही विचारा. फडावर असताना मुलाची काळजी किती वाटली, हे कुठल्याच रकान्यात नसते.

प्रश्नकर्ती

तिघांचे मनापासून आभार. टोळ्या निघण्यापूर्वी तिन्ही गावांत घरोघर वाचन तपासू. तपासणी आमच्या अधीक्षकांनी न करता शेजारच्या तालुक्यातील अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी करावी, असे ठरवते आहे. मध्येच गेलेल्या मुलांसाठी अहवालात स्वतंत्र रकाना असेल आणि मागच्या वर्षीच्या आकड्याची दुरुस्ती या आठवड्यात संबंधितांना लेखी कळवते.