दिवाळीत सहा जणांनी केरळला जायचं: रेल्वेने की विमानाने?

घाटवाट (ठाणे)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केरळला निघालोय. मी, बायको, नऊ आणि तीन वर्षांची मुलं, आणि सत्तरी ओलांडलेले आईबाबा. धाकटा भाऊ आणि ऑफिसातले सगळे म्हणतात, विमानच. माझं मत ठाम उलट आहे. सगळं घर मिळून जाणार असेल, आणि त्यातही वाट कोकणातून केरळची असेल, तर रेल्वेच.

पैशाचं आधी उरकतो. थ्री एसीचं एर्नाकुलमपर्यंतचं, म्हणजे कोचीपर्यंतचं, तिकीट माणशी दोन हजारांच्या आसपास. धाकटा मुलगा पाच वर्षांच्या आतला, त्याला तिकीटच नाही. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की वेगळी सीट घ्यावी लागते. सामान विमानात बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो, थ्री एसीत ४० किलो.

पण खरं कारण ते नाही. आमच्या घरी कुणाची शिफ्ट, कुणाचा क्लास. सहाही जण एका वेळी एकत्र बसलेत असं क्वचितच घडतं. मुंबईहून केरळला जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस दुपारी बाराच्या सुमारास ठाण्याला येते. रोह्यापासून कोकण रेल्वे, मग चिपळूण, संगमेश्वर, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. बाबांचं बालपण संगमेश्वराकडचं. ती स्टेशनं खिडकीतून मागे जाताना ते नातवंडांना जे सांगतील, ते मुन्नारच्या हॉटेलात बसून सांगणार नाहीत. फराळाचे डबे तसेही भरलेले असतात. सकाळी उठावं तर कण्णूर, कोझिकोड आणि पुढे शोरणूरला भारतपुझा नदी. मुलांना कळायला हवं की केरळ लांब आहे आणि मधे आपलाच केवढा तरी मुलूख आहे.

निळाई (पुणे)

असहमत. आधी रजा किती ते सांगा. खासगी नोकरीत दिवाळीला चार-पाच दिवस सलग मिळाले तरी पुष्कळ. त्यातला एक जायला आणि एक यायला गेला तर मुलांनी केरळ बघायचं कधी? ठाण्याहून विमानतळ तासभर, दोन तास आधी पोचणं, दोन तासांच्या आसपास उड्डाण. सकाळी घर सोडलेला माणूस दुपारचं जेवण कोचीत जेवतो. शिवाय कोचीचा विमानतळ नेडुंबश्शेरीला, शहराच्या बाहेर आणि मुन्नारच्या बाजूला. तुम्ही एर्नाकुलमला उतरून उलटे मागे येणार.

आणि कोकण रेल्वेचा भरवसा? जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि वाहतूक जवळपास एक दिवस बंद होती.

घाटवाट

मुन्नारला जायचं तर एर्नाकुलमपर्यंत जायचंच कशाला? त्याच गाडीने आलुव्याला उतरायचं, विमानतळाच्या जवळच आहे ते. दरडीचं म्हणाल तर ती पावसाळ्यातली गोष्ट, दिवाळीतली नव्हे. विमानं काय नेहमी उडतात? डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांपायी देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. भाडी इतकी भडकली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं, आणि अडकलेल्यांसाठी रेल्वेने जादा डबे जोडले.

वशिष्ठी (डोंबिवली)

घाटवाटदादा, तुमच्या लिहिण्यातली माया कळते, म्हणूनच मोकळेपणी लिहिते.

धाकट्याचं तिकीट वाचलं म्हणता. तिकीट नाही म्हणजे बर्थही नाही. तीन वर्षांचं मूल रात्रभर कुणाच्या कुशीत असेल? तुमच्या बायकोच्या. त्या अरुंद बर्थवर कडेला अंग चोरून, पोर खाली पडू नये म्हणून हात आडवा टाकून ती रात्र काढेल आणि दुसऱ्या दिवशी मुन्नारचा घाट चढताना गाडीत त्याच मुलाला सांभाळेल. त्याला दर थोड्या वेळाने टॉयलेटला कोण नेणार? लादी ओली असते, मुलाला खाली टेकू देता येत नाही, गाडी हलत असते.

फराळाचे डबे भरलेलेच असतात, हेही तुम्ही सहज लिहून गेलात. ते आपोआप भरत नाहीत. चकली-लाडवांवर दोन जेवणं निघत नाहीत. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात, आईबाबांसाठी कमी तिखटाचं वेगळं, हे सगळं लक्ष्मीपूजनाच्या धावपळीत पहाटे उठून करायचं. प्रवासात काढायचं, वाढायचं, डबे पुसून परत भरायचे. एकत्र बसण्याचं सुख सहा जणांचं म्हणता, त्यातल्या एका बाईच्या वाट्याला ते अर्धंच येतं. विमानात निदान तिला चोवीस तास कुणाला वाढावं लागत नाही. मी विमानाच्या बाजूने आहे ती एवढ्याचसाठी.

गोदाकाठ (नांदेड)

आरक्षण खिडकीवर नोकरी झाली, त्यामुळे चार नियम सांगतो.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते एकशेवीस दिवसांचं होतं. दिवाळीच्या गाड्या सकाळी आठला उघडतात आणि बघता बघता वेटिंगवर जातात.

ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका. नऊ वर्षांच्या मुलाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं; अर्धं भाडं बर्थशिवाय असतं.

खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा ते एकटे किंवा दोघंच एका तिकिटावर असतील तरच लागू होतो. सहा जणांच्या तिकिटात आईबाबांची नावं घातलीत की तो गेला. मग दोघांचं वेगळं तिकीट काढायचं, आणि ते कदाचित दुसऱ्याच डब्यात. म्हणजे एकतर सगळे जवळ, नाहीतर आईबाबांना खालचा बर्थ. दोन्ही जमलं तर नशीब.

आणि दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असू शकतं. वेग कमी ठेवतात. बाहेरचं बघायला बरं, पण वेळ वाढते.

सुरंगी (रत्नागिरी)

प्रदूषणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे. तेवढ्याच अंतराला विमान माणशी कितीतरी जास्त धूर सोडतं. जिथे रात्रीच्या गाडीने पोचता येतं तिथे विमान नको, हे मुलांना लहानपणीच दाखवावं. घाटवाट यांच्याशी पूर्ण सहमत.

प्राजक्त (सातारा)

माझं वय एकाहत्तर. दोन्ही गुडघे दुखतात, म्हणून आमच्या वतीने इतरांनी बोलण्यापेक्षा मीच बोलते.

मुलांना वाटतं म्हाताऱ्यांना रेल्वेच आवडते. मला विमान आवडतं. आधी सांगून ठेवलं की व्हीलचेअर मिळते, माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत सोडतो, त्यात कमीपणा वाटत नाही. रेल्वेत रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात लोकांच्या चपला चुकवत, दोन्हीकडचे बर्थ धरत त्या टोकाला जायचं. मुलाला उठवायचं जिवावर येतं आणि एकटीने जायची भीती वाटते. मग संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. माझ्या वयाच्या पुष्कळ बायका हेच करतात. घरच्यांना सांगत नाहीत.

घाटवाट, तुम्ही बाबांच्या आठवणींबद्दल लिहिलंत. आईला विचारलंत का?

घाटवाट

प्राजक्तकाकू, काल विचारलं. बाबा रेल्वेच म्हणाले. आई म्हणाली, "मी विमानात कधी बसले नाही, एकदा बसायचंय." तर परतीला कोची-मुंबई विमान बघतोय.

जाताना मात्र रेल्वेच, त्यावर मी ठाम आहे. धाकट्याचं पूर्ण तिकीट काढून त्याला बर्थ घेणार. आईबाबांचं वेगळं तिकीट ज्येष्ठांच्या कोट्यात, आणि डबे वेगळे आले तर रात्री मी आईच्या डब्यात थांबेन, कुणाशी तरी बर्थ बदलून. रात्रीचं जेवण गाडीत मागवता येतं.

निळाई

मग परतीचं तिकीट आजच काढा, भाऊबीजेनंतरच्या रविवारचं भाडं थांबत नसतं. जातानाचा एक दिवस वाया जातोय हे माझं मत कायम आहे.

वशिष्ठी

बर्थ घेताय ते चांगलं झालं. रात्रीचं जेवण मागवणार म्हणता. दुपारचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या हातात काय द्यायचं ते? तेवढं तुम्ही स्वतः पहाटे उठून करा आणि गाडीत तुम्हीच वाढा. मग माझा रेल्वेला विरोध नाही.