मदत हवी आहे : ओपन इलेक्टिव्हचा प्रस्ताव दुसऱ्यांदा परत आला

संख्याशोध
बोर्ड ऑफ स्टडीजवर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर) काम केलेलं कुणी आहे का इथे? ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुलांनी मुख्य विषयाबाहेरचा निवडायचा विषय, म्हणून ‘रोजच्या आकडेवारीचे वाचन’ असा नवीन पेपर तयार केला आहे, जूनपासून सुरू करायचा आहे. आमच्या बोर्डाकडून मंजूर होऊन वर गेला, तिथून परत आला. भाषा सुधारून पुन्हा पाठवला, पुन्हा परत. शेरा दोन्ही वेळेस एकच : ‘पुनर्विचारार्थ’. पुढची बैठक बारा दिवसांवर आहे. घटक नीट बांधले आहेत, कोर्स आउटकम्स (पेपर शिकून मुलांना काय यायला हवं ते) आहेत, पुस्तकांची यादी आहे. तीन महिने खपले आहे यासाठी. नेमकं काय खटकत असेल?

जुनाखडू
‘वर’ म्हणजे कुठे? कॉलेज स्वायत्त (स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणारं) आहे की संलग्न, ते आधी सांगा. संलग्न असेल तर नवीन पेपर कॉलेजने ठरवायचाच नसतो. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून विद्याशाखेकडे आणि मग विद्या परिषदेकडे जातो.

शब्दवेल्हाळ
कोर्स आउटकम्समध्ये ‘समजेल’, ‘माहिती होईल’ असं लिहिलंय का? आमचा प्रस्ताव त्यावरूनच अडला होता. ‘तक्ता वाचून निष्कर्ष लिहील’, ‘दोन गटांची तुलना करील’ अशी मोजता येणारी क्रियापदं घाला. शंभर टक्के हेच कारण असणार.

संख्याशोध
स्वायत्त आहे हो. वर म्हणजे बोर्डांचे अभ्यासक्रम मंजूर करणारी कॉलेजची अ‍ॅकॅडमिक कौन्सिल. क्रियापदं दुसऱ्या वेळी बदलली, तरी परत आला.

अर्धविराम
एवढा जीव कशाला काढता? ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर सांख्यिकीचे तयार कोर्स आहेत. एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांत तरतूद आहे. तोच लावा आणि मोकळे व्हा.

जुनाखडू
@अर्धविराम, बाईंनी स्वतः पेपर घडवला आहे आणि तुम्ही तो टाकून द्या म्हणता. ओपन इलेक्टिव्हला वर्गात कला शाखेची मुलं बसणार, त्यांना सरासरी आणि मध्यक यांतला फरक समोर बसून समजवावा लागतो. व्हिडिओवर निम्मी गळतात, मी दोन वर्षं पाहिलं आहे.

अर्धविराम
गळती वर्गातही होते सर. शिकवायला माणूसच नसेल तर व्हिडिओ बरा. आमच्याकडे सांख्यिकीची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे.

पाटीपेन्सिल
असा पेपर मराठीत शिकवणार का? परिभाषा कोश वापरणार असाल तर ‘प्रमाण विचलन’सारखे शब्द मुलांना जड जातात, मी कंसात सोपा अर्थ देते. आणि ताई, मंजुरीच्या इतिवृत्ताची प्रत जपून ठेवा, नवीन अभ्यासक्रम तयार केल्याचे गुण पदोन्नतीच्या वेळी धरतात.

इतिवृत्त
मी चार वर्षं कौन्सिलच्या बैठकांची मिनिट्स लिहिली आहेत, म्हणून विचारते. तीन गोष्टी इथे टाका : क्रेडिट (श्रेयांक) किती, तास किती आणि पात्रतेच्या रकान्यात काय लिहिलंय? आणि कारण मागा. परत पाठवायचा किंवा नाकारायचा अधिकार कौन्सिलला आहे, पण कारण देऊनच. ‘पुनर्विचारार्थ’ हे कारण होत नाही.

संख्याशोध
२ क्रेडिट, ४५ तास. पात्रता : ‘कोणत्याही शाखेचा विद्यार्थी’. हे सगळ्यांना चालतं ना? मी सांख्यिकी विभागातच आहे.

शब्दवेल्हाळ
२ क्रेडिटला ३० तास! इथेच चूक आहे.

जुनाखडू
थांबा. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३०. एकेक धरलं तर ४५ बरोबर होतात. बाई, तुम्ही ४५ कुठल्या रकान्यात लिहिलेत?

संख्याशोध
थिअरीच्याच. फॉर्मवर तेवढा एकच रकाना दिसला. १५ तास वर्गात आणि ३० तास संगणकावर, असंच आहे ते.

इतिवृत्त
मग वाचणाऱ्याला २ क्रेडिटची थिअरी आणि १५ तास जास्तीचे दिसले. प्रात्यक्षिक वेगळं दाखवा, त्याची परीक्षा कशी घेणार तेही लिहा.

पण मला मोठी अडचण पात्रतेत दिसते. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह हा मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. तुमचा विभाग विज्ञानात, म्हणजे विज्ञानाच्या मुलांना हा पेपर घेताच येणार नाही. ‘कोणत्याही शाखेचा’ लिहिलंत की प्रस्ताव नियमाबाहेर जातो. आणि वाणिज्यची मुलं यायची तर त्यांच्याकडे व्यवसाय सांख्यिकी आधीच असते. वाणिज्य विभागप्रमुखांशी बोललात का?

संख्याशोध
नाही बोलले. आमच्या बोर्डात ते नसतात, म्हणून सुचलंच नाही.

जुनाखडू
बोर्डात नसतात, कौन्सिलमध्ये सगळे विभागप्रमुख बसतात. आपल्या विषयाशी मिळतंजुळतं दिसलं की पहिला हात त्यांचाच वर जातो, कारण मुलं तुमच्याकडे गेली तर त्यांचा वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, कमी होतो. यात त्यांचं चुकत नाही, एखाद्याची नोकरी त्या तासांवर असते. बैठकीआधी जाऊन भेटा, दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून दाखवा.

अर्धविराम
हे पटलं. आमच्याकडे मानसशास्त्राचा पेपर असाच अडला होता, समाजकार्यवाल्यांशी कुणी बोललंच नव्हतं.

संख्याशोध
आज वाणिज्य विभागात जाऊन आले. तिसरा घटक, निर्देशांकांचा, त्यांच्याशी जवळपास तोच निघाला. तो काढून वर्तमानपत्रातले आलेख तपासण्याचा घटक घालते आहे. पात्रतेत फक्त कला आणि वाणिज्य, तास १५ अधिक ३०. घटक बदलला म्हणजे आमच्या बोर्डात पुन्हा न्यावं लागेल का?

इतिवृत्त
हो. कौन्सिलने पुनर्विचारासाठी पाठवला आहे, तो विचार बोर्डानेच करायचा असतो. बाहेरचे तज्ज्ञ धरून सगळ्या सदस्यांना आजच सूचना काढा, बोर्डाची बैठक कौन्सिलच्या बैठकीआधी होईल अशीच तारीख द्या. वाणिज्यशी केलेली तुलना एका पानात बसवा आणि प्रस्तावाच्या वरच लावा, मागे जोडलेलं बैठकीत कुणी उलटत नाही.