ग्रॅव्हल बाइक काढून रोड बाइक घ्यावी का?

हाफपॅडल_कोथरूड: मंडळी जरा सल्ला द्या. दोन वर्षं ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी, जाड टायरची सायकल) चालवतोय, ४० एमएमचे खडबडीत टायर, पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग (पेडलजवळची चकती), मागे ११ ते ४२ दात्यांच्या चकत्या. रविवारी ग्रुपबरोबर जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूरला जातो, चढाला सगळ्यांच्या बरोबर असतो पण शिंदेवाडीकडे उतार लागला की पाय नुसते गरागरा फिरतात आणि बाकीचे भुर्रकन पुढे, सपाटीला तर माझ्या टायरची घूंघूं ऐकूनच लोकांना कळतं मी आलो ते. डिसेंबरात २०० किमीची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय. ही विकून रोड बाइक घेऊ का? घरचे म्हणतात हिला काय धाड भरलीय.

बोपदेव_नको_रे_बाबा: घरचे बरोबर आहेत 😄 अरे आधी टायर बदल की. ३२ चे स्लिक (गुळगुळीत) टाक, हवा वजनाप्रमाणे ५५-६० पीएसआयच्या आसपास (रिम हुकलेस, म्हणजे टायर धरणारी आतली कड नसलेली, असेल तर वरची मर्यादा बघूनच भर), घूंघूं तिथेच बंद. उताराचं म्हणशील तर ४०-११ ला ९० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) जेमतेम ४२ चा स्पीड मिळतो, तिथे गियर संपतो, त्यात तुझ्या पायांचा काय दोष? पुढे ४४ लाव, ४६ पर्यंत जाशील. फक्त तेवढी रिंग फ्रेमला घासत नाही ना ते बघ, आणि चेन थोडी लांब लागेल.

सासवडकर: मी हे सगळं केलं आणि तरी शेवटी रोड बाइक घेतलीच. टायरने फरक पडतो हो, पण ग्रॅव्हलवर माणूस ताठ बसतो, समोरून वारा आला की छातीवर झेलतो, ते टायरने जात नाही. पण ग्रॅव्हल विकली ही चूक झाली बरं का. पावसाळ्यात पानशेत रोडला खड्ड्यात पाणी, खोली कळत नाही, २८ च्या टायरवर जीव मुठीत धरून चालवतो. दुकानदाराने जुनीचा भाव असा पाडला की अजून आठवलं तरी चिडतो.

ब्रेव्हे_काका: बीआरएमसाठी घेत असशील तर अजिबात नको. २०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-पंक्चर धरून ताशी १५ सुद्धा पडत नाही. तिथे लोक बसण्याच्या जागेने आणि मानेने हरतात, सायकलीने नाही. शंभरच्या पुढे ती ताठ बैठकच कामाला येते बाळा.

हाफपॅडल_कोथरूड: काका 🙏 ३२ चे टाकले, काल जाऊन आलो. आवाज गेला, सपाटीला चिकटून राहिलो, उताराला मागे पडलोच पण शिंदेवाडीच्या चहाला गाठलं, नाहीतर एरवी माझा चहा येईपर्यंत त्यांचे कप रिकामे असतात. आता ४४ ची रिंग बघतो. जुने टायर कुणाला हवेत का, साइडवॉल ठणठणीत आहे, भाव फोनवर बोलू.